कागदावरची जात

समजा, साकीनाक्याला खैरानी रोडच्या आसपास राहणाऱ्या एका कुटुंबाने काळ्या लॅब्रॅडॉरचे पिल्लू विकत घेतले. विकणाऱ्याने आईचा फोटो दाखवला, बापाची तोंडी माहिती दिली आणि शिक्का मारलेला एक कागद हातात ठेवला. दीड महिन्याचे ते पिल्लू गोलमटोल होते, कान खाली पडलेले, अंग काळे कुळकुळीत. आठ महिन्यांनी पाहावे तर पाय लांब आणि काटकुळे झालेले, एक कान अर्धा उभा, आणि लॅब्रॅडॉरची ती बुडाशी जाड, पाणमांजरासारखी सरळ शेपटी असायला हवी तिथे पाठीवर वळलेली शेपटी! शेजारीपाजारी एका वाक्यात निकाल देतात, "हे तर गावठीच निघाले."

असा अनुभव मोठ्या शहरांत अनेकांना येतो. पिल्ले इतक्या लहान वयात विकली जातात त्यालाही कारण आहे. त्या वयात कानाची कूर्चा मऊ असते, त्यामुळे बहुतेक सगळ्याच पिल्लांचे कान पडलेले दिसतात. अंगावर बाळसे असते, लव मऊ असते. शरीराची खरी ठेवण पुढे काही महिन्यांनी कळते, आणि तोवर व्यवहार पुरा झालेला असतो.

या छोट्या गोष्टीत एक गंमत आहे. घरच्यांनी कागद पाहून पिल्लू घेतले. शेजाऱ्यांनी शरीर पाहून निकाल दिला. आणि दोघेही बोलत होते ते 'रक्ता'विषयी. कागद, शरीर आणि रक्त या तीन गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरतो. त्या एकत्र कशा बांधल्या गेल्या हा इतिहास फार जुना नाही.

कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षे आहे, पण या काळातल्या बहुतांश भागात कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. मेंढरे राखणारा, ससा धरणारा, वाड्याची राखण करणारा. इंग्लंडमधल्या जॉन कीज या वैद्याने १५७० साली कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. तिच्यातली वर्गवारीही मुख्यतः कामाचीच आहे. चांगले काम करणाऱ्या कुत्रीला चांगले काम करणारा कुत्रा दाखवायचा, एवढेच पैदाशीचे शास्त्र. बाहेरचा कुत्रा कामाचा असेल तर तो चालत असे.

हे बदलले ते १९ व्या शतकात. कुत्र्यांचे पहिले औपचारिक प्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' याच वर्षीचे. त्या प्रदर्शनात फक्त शिकारी कुत्र्यांचे दोन गट होते आणि बक्षीस होते बंदुकीचे. पण प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्रा ससा धरून दाखवत नाही. तो उभा राहतो आणि परीक्षक त्याला न्याहाळतो. कामाची जागा रूपाने घेतली ती अशी. त्याबरोबर बक्षिसे आली, बक्षिसांबरोबर किंमत आली, आणि किंमत आल्यावर लबाडीही आली. एकाच नावाचे डझनभर कुत्रे असत. एकाने मिळवलेले बक्षीस दुसऱ्याच्या नावावर सहज खपवता येई. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने पहिली वंशनोंदवही छापली. तिच्यात १८५९ पासूनच्या प्रदर्शनांतल्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती. १८८० पासून नावे नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या पिल्लाबरोबर आलेल्या कागदाचा हा मूळ पुरुष. म्हणजे हा कागद जन्माला आला तोच मुळी फसवणुकीला आळा घालायला!

पुढे नियम असा रूढ झाला, की ज्याचे आईबाप दोघेही नोंदवहीत आहेत त्याचीच नोंद व्हायची. वहीचे दार बंद झाले. ज्या दिवशी ते बंद झाले त्या दिवशी आत जे कुत्रे होते ते 'शुद्ध' आणि बाहेर राहिले ते 'मिश्र'. आतल्यांचे आजे-पणजे कोण होते, हे कोणी फारसे विचारले नाही. खुद्द लॅब्रॅडॉरचेच पाहा. केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १९०३ मध्ये. त्यापूर्वी आणि नंतरही काही काळ शिकार उचलून आणणाऱ्या 'रिट्रीव्हर' कुत्र्यांच्या निरनिराळ्या गटांत सर्रास संकर होत असे, आणि एकाच वेतातली भावंडे रूपावरून वेगवेगळ्या नावांखाली नोंदवली जात.

आता रक्ताकडे वळू. जनुकांचा पत्ता नव्हता तेव्हा आनुवंशिकता रक्तातून वाहते आणि एकदा भेसळ झालेले रक्त कायमचे डागाळते, अशी समजूत होती. १८२१ साली लॉर्ड मॉर्टन यांनी रॉयल सोसायटीला एक हकिकत कळवली. त्यांच्या घोडीला क्वागा या झेब्र्याच्या भाईबंदापासून एक शिंगरू झाले होते. नंतर त्याच घोडीला अरबी घोड्यापासून शिंगरे झाली, तर त्यांच्या पायांवरही पट्टे! पहिल्या नराचा ठसा मादीत कायम राहतो, असा निष्कर्ष निघाला. डार्विननेही ही हकिकत खरी मानली. कुत्रे पाळणाऱ्यांनी तर ती फारच मनावर घेतली. जातिवंत कुत्री एकदा जरी रस्त्यावरच्या कुत्र्यापासून व्याली, तरी ती 'बिघडली' आणि तिची पुढची सगळी वेते संशयास्पद, असे ठरले. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक कोसार एवार्ट यांनी घोड्या आणि झेब्रा यांच्यावर प्रत्यक्ष प्रयोग करून १८९९ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. पहिल्या नराचा असा कोणताही ठसा त्यांना आढळला नाही. पट्टे तर झेब्र्याशी कधीच संबंध न आलेल्या घोड्यांच्या शिंगरांवरही अधूनमधून दिसतात. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. इतके होऊनही 'बिघडलेल्या' कुत्रीची गोष्ट आजही ऐकायला मिळते.

याच सुमारास फ्रान्सिस गॉल्टन या डार्विनच्या आतेभावाला आनुवंशिकतेचा गणिती नियम हवा होता. त्यासाठी अनेक पिढ्यांच्या चोख नोंदी लागणार होत्या. माणसांच्या अशा नोंदी कुठून मिळणार? त्या मिळाल्या कुत्र्यांच्या. सर एव्हरेट मिले हे बॅसेट हाउंड जातीचे पैदासकार होते. त्यांच्या नोंदींतले कुत्र्यांचे रंग घेऊन गॉल्टनने १८९७ मध्ये नियम मांडला, की वारशात आईबापांचा वाटा मिळून निम्मा, चार आजी-आजोबांचा मिळून पाव, पणज्यांचा एक अष्टमांश, असा तो मागे मागे जातो. सुप्रजननशास्त्राला १८८३ साली इंग्रजी नाव देणारा हाच गॉल्टन. कुत्र्यांच्या वहीतून काढलेला नियम माणसांना लावायचा, हा त्याचा उघड हेतू होता.

मराठीत तर हा धोका आणखी जवळ आहे. इंग्रजीत कुत्र्याच्या प्रकाराला एक शब्द आणि माणसांच्या सामाजिक गटाला दुसरा. आपण दोन्हीकडे 'जात' म्हणतो. 'जातिवंत', 'अस्सल', 'भेसळ' हे शब्द बाजारातून घरात आणि घरातून वर्गात येतात. मूल ते कुत्र्याविषयी ऐकते आणि माणसाविषयी शिकते. म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईत १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात नेमका हाच युक्तिवाद तपासला आहे. जातिभेद रक्तशुद्धीसाठी आणि सुप्रजननासाठी आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी जीवशास्त्रानेच उत्तर दिले. वेगवेगळे मानववंश मानले तरी त्या वेगळ्या प्रजाती नव्हेत. एकाच प्रजातीतले ते प्रकार आहेत, त्यांच्यात विवाह होऊन सुदृढ, प्रजननक्षम संतती होते. शिवाय मानसिक गुणांची आनुवंशिकता इतकी सरळ नसते, हे सांगताना त्यांनी मेंडेलचे पुरस्कर्ते विल्यम बेटसन यांचा आधार घेतला. इंग्लंडच्या वाड्यांतून निघालेला रक्ताचा प्रश्न मुंबईत इतक्या स्पष्टपणे हाताळला गेला होता, हे आपल्या विज्ञानाच्या तासाला फारसे येत नाही.

मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि शरीरावरून रक्त ओळखण्याची खात्रीही डळमळली. काळ्या रंगाचे जनुक प्रभावी असते. लॅब्रॅडॉरची काळी मादी आणि रस्त्यावरचा पिवळसर नर यांची पिल्ले बहुधा सगळी काळीच होतील, आणि आखूड केसांचीही. साकीनाक्याच्या त्या घरी आलेले पिल्लू असेच असू शकते. उलट, दोन अस्सल काळ्या लॅब्रॅडॉरांच्या पोटी तपकिरी पिल्लू येऊ शकते. दोघांतही तपकिरी रंगाचे अप्रभावी जनुक दडलेले असेल तर चारांत एक या प्रमाणात ते अपेक्षितच आहे. पण पूर्वी अशी पिवळी वा तपकिरी पिल्ले भेसळ समजून मारून टाकली जात. ज्याची नोंद झाली असा पहिला पिवळा लॅब्रॅडॉर १८९९ साली जन्मलेला. त्याआधी किती जन्मले आणि गेले याची वही कोणी ठेवली नाही.

कागदाचीही एक मर्यादा आहे. आई डोळ्यांना दिसते, बाप सांगितला जातो. कुत्रीच्या माजाच्या काळात तिचा दोन नरांशी संबंध आला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्ले असू शकतात, आणि पैदासकार प्रामाणिक असूनही कागद चुकतो. भारतात २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम आले. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला बंदी आहे, पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि त्वचेखाली मायक्रोचिप बसवायची आहे. दीड महिन्याचे पिल्लू कोणी देऊ लागला, तर तिथेच थांबावे. चिपमुळे कागद एका विशिष्ट शरीराशी बांधला जातो. तो कागद खरा आहे की नाही, हे मात्र चिप सांगत नाही.

ते डीएनए सांगू शकतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा डीएनए तपासला, तेव्हा ९९ टक्के कुत्रे केवळ त्यावरून आपापल्या जातीत बरोबर बसले. 'शुद्ध' जात ही खरी वस्तू आहे, याचा हा पुरावा मानावा काय? एका अर्थी होय. दीडशे वर्षे दार बंद ठेवून आतल्या आत पैदास केली, की आतले एकमेकांसारखे होणारच. वहीने आधी कागदावर ओढलेली रेघ पुढे जनुकांत उमटली. पण त्याची किंमतही मोजावी लागते.

डाल्मेशियन या ठिपकेवाल्या कुत्र्यांत ती स्पष्ट दिसते. वहीतल्या सगळ्याच डाल्मेशियनांत एक सदोष जनुक होते. त्यामुळे लघवीत युरिक आम्ल फार जाते आणि मुतखडे होतात. निरोगी जनुक त्या जातीत उरलेच नव्हते, तेव्हा निवड करणार कशातून? १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरले. ठिपके परत आले, निरोगी जनुकही टिकले. अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये असे दोन कुत्रे नोंदवलेही, पण डाल्मेशियनच्या मालकांनी विरोध केला आणि नोंद थांबली. दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा सरासरी वाटा १,०२४ त एक इतका असतो. मुले फळ्यावर हे सहज काढतील. तेवढ्या अंशासाठी निरोगी कुत्रे तीस वर्षे दाराबाहेर राहिले. दार उघडले ते २०११ मध्ये.

आपल्याकडच्या कुत्र्यांची कथा निराळी आहे. दख्खनच्या पठारावर, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर, लांब पायांचा, खोल छातीचा, सशामागे वाऱ्यासारखा धावणारा एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. खेड्यापाड्यांत त्याला 'कारवान' म्हणतात, कान-पायांवर लांब केस असलेल्याला 'पश्मी'. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली, तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले आणि २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ हाउंडला देशी जात म्हणून मान्यता दिली. मात्र केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो 'कॅरव्हान हाउंड' आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. एकाच वेतातली दोन भावंडे दोन वह्यांत नोंदवली, तर पुढे त्यांच्या पिल्लांची जात कोणती लिहायची, हे दहावीच्या वर्गात विचारून पाहा.