नऊ फ्रेम

‘डोन्ट लुक नाऊ’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म क्लबात, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. बाहेर चहा पिताना मी मोठ्या अधिकारानं मत ठोकून दिलं होतं, की यातलं जोडपं नुसतं कुरकुरत असतं. मूल गमावलेली माणसं अशी असतात का? बऱ्याच वर्षांनी डीव्हीडी हाती आली तेव्हा कळलं, की आमच्या कॅसेटमधून त्या दोघांचा शय्याप्रसंग कुणीतरी अख्खा कापला होता. मी मत दिलं होतं ते भलत्याच चित्रपटावर.

निकोलस रोगचा (आडनावाचा उच्चार असाच आहे, इलाज नाही) हा चित्रपट १९७३ सालचा, डॅफ्नी द्यू मोरिएच्या कथेवरून केलेला. कथेत मुलगी मेंदूज्वरानं जाते; चित्रपटात ती लाल रेनकोट घालून घराजवळच्या तळ्यात बुडते. त्यानंतर जॉन आणि लॉरा, म्हणजे डोनाल्ड सदरलँड आणि ज्युली ख्रिस्ती, व्हेनिसला येतात. तिथं जॉन एका जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम पाहतोय. दोन वृद्ध बहिणी भेटतात. त्यातल्या आंधळ्या हेदरला अतींद्रिय दृष्टी आहे. ती लॉराला सांगते, तुमची मुलगी तुम्हा दोघांच्या मध्ये बसून हसत होती. लॉरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळी होते. जॉन वैतागतो. (पुढे शेवट फोडणार आहे.)

तो प्रसंग येतो तो यानंतर. मूळ पटकथेत तो नव्हताच. हे दोघं सारखे वाद घालताना दिसतील, या काळजीनं रोगनं तो ऐनवेळी घातला. माझी फिल्म क्लबातली तक्रार दिग्दर्शकाला आधीच सुचलेली होती तर! अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्रासाठी त्यातल्या नऊ फ्रेम काढाव्या लागल्या. म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. ब्रिटनमध्ये ‘एक्स’ मिळालं, पण कात्री न लागता. पुढे बीबीसीनं चित्रपट दाखवताना हा प्रसंगच वगळला, तेव्हा प्रेक्षकांनी तक्रारी केल्या.

कुजबुज मात्र निराळीच होती : ते ‘खरं’ होतं का? तेव्हा पॅरामाउंटमध्ये अधिकारी असलेल्या पीटर बार्टनं २०११ साली पुस्तकात तसा दावा केला. सदरलँडनं तो फेटाळला. मला या चर्चेचा कंटाळा आहे. दुःखात बुडालेल्या नवरा-बायकोकडे पाहून लोकांना चौकशी करावीशी वाटली ती ही!

खरी गंमत संकलनात आहे. ते दोघं एकत्र असतानाच मधेमधे, नंतर जेवायला बाहेर पडण्यासाठी ते कपडे चढवताहेत अशी दृश्यं येतात. म्हणजे पुढे घडायचं ते आपल्याला आधी दिसतं. हेदरकडे असलेली शक्ती रोग काही मिनिटांपुरती प्रेक्षकाच्या हाती देतो, आणि ती आपल्याला इतकी सहज वाटते, की आपण तिला शक्ती म्हणतच नाही.

जॉनचं नेमकं हेच होतं. ही दृष्टी त्यालाही आहे, पण त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मुलाला शाळेत अपघात झाला म्हणून लॉरा इंग्लंडला गेलेली असताना ती त्याला व्हेनिसच्या कालव्यात दिसते : काळे कपडे, शेजारी त्या दोघी बहिणी, नावेत उभी. तो पोलिसांकडे जातो. ती प्रेतयात्रा असते, आणि त्याचीच. आपण दोन काळ एकाच वेळी पाहायला शय्याप्रसंगात शिकलेलो असतो. तो कापलेल्या प्रतीत शेवट नुसता धक्का देतो, आणि धक्का मलाही बसला होता.

टीकाकारांनाही वेळ लागलाच. रॉजर ईबर्टनं १९७३मध्ये हातचं राखून स्तुती केली आणि २००२ साली तो थोर चित्रपटांच्या यादीत घातला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९९च्या यादीत तो आठवा होता. २०११मध्ये ‘टाइम आउट’च्या यादीत पहिला.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी घरी पाहिला. तो प्रसंग संपल्यावर बायको म्हणाली, “कपडे घालताना बघ, दोघं आपापल्या विचारात आहेत.” मी रिमोट घेऊन मागे गेलो. खरंच होतं. लॉरा एकटीच स्वतःशी हसत होती.