मेरी मॅलन आणि स्वयंपाकघराची तपासणी

आरोग्यखात्याचा निरीक्षक खानावळीत शिरला म्हणजे तो प्रथम भिंतीकडे, मोरीकडे आणि पाण्याच्या पिंपाकडे पाहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि एके काळी ती अक्षरशः खरी होती. एकोणिसाव्या शतकाने रोगराईचा उगम घाणीत, दुर्गंधीत आणि दूषित पाण्यात शोधला. त्या शोधामुळे मोठमोठ्या शहरांना नळाचे पाणी मिळाले, भुयारी गटारे मिळाली आणि असंख्य जीव वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्वच्छ भिंतींच्या, वाहत्या मोरीच्या आणि निर्मळ पाण्याच्या घरातही अन्नातून रोग शिरू शकतो, आणि तो अन्न रांधणाऱ्या धडधाकट माणसाच्या हातून शिरतो, ही गोष्ट लोकांच्या ध्यानी येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ज्या प्रकरणाने ती ध्यानी आणून दिली ते अमेरिकेत घडले, आणि त्यात एका स्वयंपाकिणीच्या आयुष्याची सव्वीस वर्षे खर्ची पडली.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ऑयस्टर बे नावाचे गाव आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे उन्हाळी निवासस्थान याच गावी होते, यावरून तेथील वस्तीची कल्पना यावी. १९०६ सालच्या उन्हाळ्यात वॉरन नावाच्या एका श्रीमंत बँकरने तेथे भाड्याने घर घेतले. घरात चाकरमाणसे धरून अकरा माणसे होती. ऑगस्टच्या अखेरीस त्यांतील सहा जण एकामागून एक विषमज्वराने, म्हणजे आपल्याकडे ज्याला मुदतीचा ताप म्हणतात त्याने, अंथरुणाला खिळले. गावात इतरत्र साथ नव्हती. विषमज्वर हा गलिच्छ वस्तीचा रोग, अशी त्या काळची ठाम भावना; त्यामुळे घरमालकापुढे पेच पडला. कारण सापडले नाही तर पुढल्या वर्षी हे घर भाड्याने घेणार कोण?

पाणी तपासले, संडास तपासले, दूध तपासले. दोष कोठेच आढळला नाही. तेव्हा घरमालकाने जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य-अभियंत्याला पाचारण केले. सोपर यांचा पहिला संशय गावात विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांवर गेला, पण ते शिंपले सारा गाव खात होता. मग त्यांनी घरातील माणसांची मोजदाद सुरू केली, आणि ४ ऑगस्टला एक नवी स्वयंपाकीण कामावर आली होती व रोग उद्भवल्यावर थोड्याच दिवसांत ती निघून गेली, असे त्यांना कळले. तिचे नाव मेरी मॅलन. आयर्लंडमध्ये १८६९ साली जन्मलेली, पोरवयात अमेरिकेत आलेली आणि रांधण्याच्या कौशल्यावर चांगला पगार मिळवणारी ही बाई अंगाने उत्तम निरोगी होती.

शिजवताना आचेने रोगजंतू मरतात, मग ते अन्नातून गेले कसे? मेरीच्या हातचा एक पदार्थ त्या घरी फार आवडीचा होता. कच्चे पीच चिरून घातलेले आइस्क्रीम! त्यास आच लागण्याचा प्रश्नच नव्हता, आणि गारठ्याने हे जंतू मरत नाहीत. आपल्याकडच्या पंगतीत वरण-भात निर्धोक ठरून कोशिंबीर घात करते, त्यातलाच हा प्रकार होय.

सोपर यांनी मेरीच्या पूर्वीच्या नोकऱ्यांचा माग काढला. १९०० पासून ज्या आठ कुटुंबांत ती राहिली होती त्यांपैकी सात कुटुंबांत विषमज्वर झाला होता. रोगी एकूण बावीस. एका घरी तर नऊपैकी सात माणसे आजारी पडली असता मेरीने रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली आणि यजमानाने तिला पन्नास डॉलर बक्षीस दिले! रोग देणारी तीच आणि सेवा करणारीही तीच, आणि यांतल्या पहिल्या गोष्टीची तिला सुतराम कल्पना नाही.

रोगातून उठलेल्यांपैकी काहींच्या, शंभरांतील एक ते पाच जणांच्या, पित्ताशयात जंतू ठाण मांडून बसतात व मलावाटे बाहेर पडत राहतात, असे आज वैद्यकशास्त्र निश्चितपणे सांगते. असा माणूस शौचाहून आल्यावर हात नीट न धुता अन्नाला लागला की पुढचे सारे ओघानेच येते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी अशा निरोगी वाहकांची कल्पना काही वर्षे आधी मांडली होती. अमेरिकेत मात्र मेरी हे तिचे पहिले सिद्ध झालेले उदाहरण ठरले. आपल्याला कधी विषमज्वर झाल्याचे तिला आठवत नव्हते.

१९०७ साली सोपर तिला न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरील एका घरी भेटले. त्या घरची मुलगी तेव्हा याच रोगाने मृत्युशय्येवर होती. त्यांनी मेरीजवळ रक्त, लघवी आणि मल यांचे नमुने मागितले. एक अनोळखी गृहस्थ परक्याच्या स्वयंपाकघरात शिरून एका अविवाहित बाईजवळ असे काही मागतो, याचा तिला संताप आला असल्यास नवल नाही. तिने मांस कापण्याचा मोठा काटा उचलला, आणि सोपर यांनी पळ काढला. पुढे आरोग्यखात्याच्या डॉ. जोसेफिन बेकर पोलीस घेऊन आल्या. काही तास शोध चालला. शेवटी एका कपाटाच्या दारात झग्याचा तुकडा अडकलेला दिसला आणि मेरी हाती लागली. रुग्णवाहिकेत तिला आवरण्यासाठी डॉ. बेकर यांना तिच्या अंगावर बसावे लागले.

तपासणीत जंतू सापडले. मेरीला ईस्ट नदीतील नॉर्थ ब्रदर बेटावर, संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाच्या आवारात, एका छोट्या घरात ठेवण्यात आले. पित्ताशय काढून टाकण्याची सूचना तिच्यापुढे ठेवली गेली. परंतु त्या काळी ती शस्त्रक्रिया जिवावरची होती, आणि तिने नकार दिला. १९०९ साली एका वृत्तपत्राने तिचे नाव उघड केले, व ती तव्यात कवट्या टाकीत असल्याचे चित्रही छापले. त्याच साली तिने न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की तिने कोणताही गुन्हा केलेला नाही, तिच्यावर खटला चाललेला नाही, आणि खाजगी प्रयोगशाळेच्या अहवालांत तिच्या ठायी जंतू मिळालेले नाहीत. खात्याने आपल्या तपासण्या पुढे केल्या. १६३ नमुन्यांपैकी १२० नमुन्यांत जंतू होते. न्यायालयाने अर्ज फेटाळला.

येथे दोन्ही पक्ष खरे बोलत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाहकाच्या शरीरातून जंतू रोज पडत नाहीत. काही दिवस पडतात, काही दिवस नाहीत. खात्याच्या स्वतःच्या नोंदींतही ४३ नमुने निर्दोष होते. परंतु हे त्या बाईला तिच्या समजुतीच्या भाषेत कोणी शांतपणे सांगितल्याचे दिसत नाही, आणि या प्रकरणातील खरी चूक बहुधा तेथेच झाली असावी.

१९१० साली नव्या आरोग्य आयुक्तांनी, पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही या वचनावर, तिची सुटका केली. तिला धोबीकाम मिळाले. त्यात मिळकत कमी, अंगमेहनत जास्त, आणि मान तर नाहीच. तिची उपजीविका काढून घेताना दुसरी तितकीच चांगली उपजीविका देण्याची तजवीज सरकारने केली नाही. काही काळाने ती अधिकाऱ्यांच्या नजरेआड झाली आणि नाव बदलून पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. १९१५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूतिगृहात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, त्यांत दोघे दगावले. तेथील स्वयंपाकीण ‘मिसेस ब्राऊन’ म्हणजे मेरीच होती. या खेपेस तिच्या बाजूने बोलणारे फारसे कोणी उरले नाही, आणि ते साहजिकही होते. पहिल्या वेळी तिला ठाऊक नव्हते. या वेळी तिला सांगितलेले होते. तिला पुन्हा बेटावर नेले. तेथील प्रयोगशाळेत तिने काही वर्षे कामही केले. १९३२ साली तिला पक्षाघात झाला, आणि ११ नोव्हेंबर १९३८ रोजी ती वारली. ब्राँक्समधील सेंट ल्यूक्स चर्चमध्ये तिचा अंत्यविधी झाला. मोजकी नऊ माणसे हजर होती.

तिच्या मृत्यूसमयी न्यूयॉर्कच्या दप्तरात चारशेहून अधिक निरोगी वाहकांची नोंद होती. त्यांतील एकाच्या हातून शंभरावर माणसांना रोग जडला होता व पाच दगावले होते. तरी तिच्याइतका दीर्घकाळ कोणालाही कोंडून ठेवले गेले नाही. ती एकटी, परदेशातून आलेली, तापट आणि स्त्री होती. याचा तिच्या नशिबाशी काहीच संबंध नव्हता, असे म्हणवत नाही.

या प्रकरणानंतर तपासणीची दृष्टी पालटली. मोरी आणि भिंती यांच्या जोडीने स्वयंपाक्याचे हात तपासणीच्या कक्षेत आले. भारतात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याचा मुख्य रोख नावाप्रमाणेच भेसळीवर होता. त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखालील परवान्याचे नियम २०११ चे. त्यांत अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला विषमज्वराच्या जातीच्या रोगांची लस टोचलेली असावी आणि दोहोंची नोंद आस्थापनेत ठेवावी, असे सांगितले आहे. ताप, जुलाब अथवा उघडी जखम असलेल्यास अन्नापासून दूर ठेवावे, असाही दंडक आहे. नियम चांगले आहेत. परंतु जेथे एक दिवस न आल्यास त्या दिवसाचा रोज बुडतो, तेथे पोट बिघडलेला पोऱ्या मालकाला ते सांगेल काय? धोबीघाटातून पुन्हा चुलीकडे वळलेल्या मेरीचा प्रश्न तो हाच.

निरीक्षकांना वारंवार आढळणारे दोष पाहिले तर ते भव्य नसतात. हात धुण्याच्या जागी साबण नसतो. एकाच फडक्याने टेबल आणि ताटे पुसली जातात. पिंपात पेला बोटांसकट बुडवला जातो. कच्चे मांस कापलेल्या सुरीनेच कांदा-काकडी चिरली जाते. सकाळी शिजवलेले अन्न ना धड गरम ना धड गार, असे संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहते. वास्तविक साठ अंशांच्या वर किंवा पाच अंशांच्या खाली ठेवले तरच त्यात जंतूंची वाढ थोपते. वैद्याचा दाखला मात्र बहुधा चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगलेला असतो. तो दाखला एका दिवसाच्या तपासणीचा. आणि मेरीच्या १६३ नमुन्यांतील ४३ निर्दोष निघाले होते. त्यामुळे जाणता निरीक्षक दाखला वाचून झाल्यावर आतल्या नळापाशी जातो आणि तेथला साबण ओला आहे की कोरडा, हे हात लावून पाहतो.