गढीला मुभा कुणाची?

शिरूर-दौंडकडे गढी म्हटलं की सरदारांचं वैभव आठवतं. पण तिची कुळकथा मनाईपासून सुरू होते. सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांनी मिरासदारांचे, म्हणजे वतनदारांचे, बुरुजबंद वाडे पाडले आणि त्यांनी रयतेसारखं साधं घर बांधून राहावं, असा दंडक घातला. तटाआड बसलेला वतनदार रयतेकडून हवं तेवढं उकळी आणि सरकारचा वसूल मात्र बुडवी.

मध्ययुगीन इंग्लंडात मात्र घराला चर्या, म्हणजे तटावरचे दाते, चढवायच्या, तर राजाचा परवाना लागे. १३८५ साली दुसऱ्या रिचर्डनं एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदाराला तो दिला आणि ससेक्समध्ये बोडियमचा किल्ला उभा राहिला. महाराजांनी अशी वाटच ठेवली नाही. रयतेच्या बाजूनं पाहिलं, तर मला तेच योग्य वाटतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही तीच धास्ती आहे: बळकट जागा बांधायची आणि तिच्या जोरावर वाटा मारायच्या, मुलूख लुटायचा. तोवर काळ मात्र पालटला होता. औरंगजेबाशी चाललेल्या दीर्घ झुंजीत भीमाकाठ तुडवला गेला. दौंडजवळ, नदीपलीकडे पेडगावच्या बहादूरगडावर मोगलांची मोठी छावणी होती. मुलूख राखायचा तर सरदारांना सरंजाम देणं भाग पडलं, आणि सरंजामापाठोपाठ तट आले. शिरूर तालुक्यात मलठण आणि कवठे येमाईला पवारांच्या गढ्या आहेत. धार-देवासचे पवार ते हेच घराणं.

खुद्द पेशव्यांनाही तट सहज बांधता आला नाही. शनिवारवाड्याचा दरवाजा दिल्लीच्या दिशेनं ठेवायला शाहू महाराजांनी हरकत घेतली, असं सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तटाचं आणि दरवाज्याचं काम पुरं झालं.

गढीचं बांधकाम जवळून पाहावं. खाली घडीव काळा दगड, वर वीट किंवा पांढरी माती. दरवाज्याच्या जाड फळ्यांवर लोखंडी खिळे. मागचा अडसर भिंतीतल्या पोकळीतून ओढायचा आणि समोरच्या खोबणीत बसवायचा. रोजची ये-जा दरवाज्यातल्या छोट्या दिंडीतून. तिथं मान वाकवल्याशिवाय आत शिरता येत नाही आणि वाकलेल्या माणसाला हत्यार उगारता येत नाही. जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेली भोकं, आतून रुंद, बाहेरून अरुंद, काही खाली कललेल्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी आलेलाही बंदुकीच्या टप्प्यात येतो. मोठ्या तोफांपुढे अशी मातीची भिंत फार काळ तग धरत नाही. पेंढाऱ्यांची टोळी, दरोडेखोर किंवा वाटणीवरून उठलेले भाऊबंद यांना मात्र ती रात्रभर बाहेर थोपवून धरी.