शिल्लक किती? : एका दोन अक्षरी आज्ञेचा इतिहास

शाळेच्या ग्रंथालयात आणखी किती पुस्तके मावतील, हे काढण्याच्या दोन रीती आहेत. कपाटे उघडून रिकाम्या जागा मोजायच्या, ही एक. नोंदवहीतली पुस्तके मोजून तो आकडा कपाटांच्या एकूण क्षमतेतून वजा करायचा, ही दुसरी. दोन्ही उत्तरे सारखीच यायला हवीत, असे आपण वर्गात सांगू. पण ज्यांनी ग्रंथालय सांभाळले आहे, ते हसतील!

संगणकाच्या डिस्कबाबतही हाच प्रश्न पडतो आणि त्याच्याही दोन रीती आहेत. युनिक्स या कार्यप्रणालीत कळफलकावर 'डीएफ' ही दोन अक्षरे टंकली, की डिस्कवरची मोकळी जागा कळते. 'डिस्क फ्री' या शब्दांची ही आद्याक्षरे. 'डीयू' ही तिची जोडीदारीण कोणत्या फाइलींनी किती जागा व्यापली ते सांगते. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि त्या पुस्तिकेत या दोन्ही आज्ञा आहेत. युनिक्सच्या वळणावर घडलेल्या लिनक्समध्येही त्या आज चालतात. इतक्या सुरुवातीलाच त्यांची गरज का भासली असावी?

त्यासाठी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत जायला हवे. केन टॉमसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या जुन्या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. मजकूर लिहिण्याची व नीट मांडण्याची सोय करून देऊ, असे सांगून त्यांनी पुढे पीडीपी-११ हे नवे यंत्र मिळवले. त्याची मुख्य स्मृती २४ किलोबाइट होती आणि डिस्क ५१२ किलोबाइटची, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटची. पुढे सर्वत्र दिसू लागलेली १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी या डिस्कच्या पावणेतीन पटींहून थोडी मोठीच होती.

१९७१ च्या उत्तरार्धात प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातले तीन टंकलेखक याच यंत्रावर दिवसभर पेटंटचे अर्ज टंकत असत. त्याच वेळी संशोधक तिथेच आपल्या नव्या आज्ञावल्या तपासत. एकाची स्मृती दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. आज्ञावली चुकली, तर सारे यंत्रच बंद पडण्याची भीती असे. त्यात डिस्क एवढी लहान, की टंकलेखकांचे काही तासांचे काम झाले की जुना मजकूर चुंबकीय फितीवर हलवावा लागे. रिची यांनीच नंतर एका लेखात हे लिहून ठेवले आहे. अशा ठिकाणी 'जागा किती उरली?' हा रोजच्या कामाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तर कुणाचा तरी अर्ज अर्धवट राहणार!

मग मोजणी कशी होई? डिस्कचे ५१२ बाइटचे कप्पे पाडलेले असत. अर्ध्या मेगाबाइटमध्ये असे १०२४ कप्पे होतात. प्रत्येक कप्प्यासाठी एक बिट राखलेला असे. कप्पा मोकळा असेल तर १, भरलेला असेल तर ०. सगळ्या डिस्कचा हा नकाशा अवघ्या १२८ बाइटमध्ये मावतो. (हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.) शिल्लक काढायची म्हणजे नकाशातले १ मोजायचे! पुढे ही पद्धत बदलली. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत मोकळ्या कप्प्यांच्या क्रमांकांची साखळी ठेवलेली असे. एका यादीत शंभरापर्यंत क्रमांक, आणि पुढची यादी कुठे आहे त्याची खूण. 'डीएफ' ही साखळी टोकापर्यंत चालत जाऊन कडी न् कडी मोजत असे.

इथपर्यंत हिशेब सरळ होता. तो पहिल्यांदा बिनसला १९८३ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी फाइली ठेवण्याची अधिक वेगवान पद्धत तयार केली. डिस्क काठोकाठ भरली की शेजारशेजारचे मोकळे कप्पे सापडत नाहीत आणि लिहिण्याचा वेग घटतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून सुमारे १० टक्के जागा राखीव ठेवण्याची प्रथा पडली. ती फक्त व्यवस्थापकाला वापरता येई. लिनक्ससाठी १९९३ मध्ये आलेल्या 'एक्स्ट-टू' पद्धतीत हे प्रमाण साधारणपणे ५ टक्के असे. त्यामुळे एकूण जागेतून वापरलेली जागा वजा केली, तरी 'डीएफ'ने दाखवलेली उपलब्ध जागा त्याहून कमी भरते. वजाबाकी चुकलेली नसते. काही जागा मोकळी असली तरी ती आपल्यासाठी नसते, एवढेच.

दुसरी गफलत अधिक मजेची आहे. डिस्क भरत आली म्हणून आपण एक भलीमोठी फाइल पुसून टाकतो. 'डीयू' सांगते, जागा झाली. 'डीएफ' सांगते, काहीच फरक नाही! खरे कोणाचे? दोघींचेही. युनिक्समध्ये फाइलीचे नाव वेगळे आणि प्रत्यक्ष फाइल वेगळी. पुसले जाते ते नाव. एखाद्या आज्ञावलीने ती फाइल उघडून ठेवली असेल, तर ती बंद होईपर्यंत कप्पे मोकळे होत नाहीत. ग्रंथालयाच्या वहीतून पुस्तकाचे नाव खोडले, पण वाचक अजून ते वाचतोच आहे. त्याचे वाचन संपेपर्यंत कपाटातली ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. 'डीयू' वही पाहते, 'डीएफ' कपाट पाहते. हे ठाऊक नसलेला माणूस घाबरून आणखी फाइली पुसत सुटतो आणि कामाच्या फाइली गमावून बसतो.

एककांचा घोळही झालाच. पॉझिक्स या प्रमाणकाने १९९२ मध्ये जुन्या रीतीप्रमाणे ५१२ बाइटचे एकक ठरवले. ग्नू प्रकल्पाच्या रिचर्ड स्टॉलमन यांना ते गैरसोयीचे वाटले. म्हणून ग्नूच्या 'डीएफ'मध्ये एरवी १०२४ बाइटचे एकक असते, आणि प्रमाणक काटेकोर पाळायचे असल्यास तशी सूचना द्यावी लागते. एकच डिस्क, एकच आज्ञा, पण एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या दुप्पट! उत्तरपत्रिकेत एकक लिहिले नाही म्हणून आपण गुण कापतो, तेव्हा विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर एक प्रयोग करून पाहता येईल. फक्त एक अक्षर असलेली फाइल तयार करा आणि तिने किती जागा घेतली ते 'डीयू'ला विचारा. उत्तर बहुधा ४ किलोबाइट येईल. एका अक्षराला एवढी जागा का लागावी, याचे कारण या लेखातच आहे. ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.