ढाक्याहून बर्लिनला गेलेले पत्र : सत्येंद्रनाथ बोस, १९२४

संशोधनाच्या सुरुवातीला एक अडचण बहुतेकांना येते. काम झालेले असते, पण ते पाहणारे कोणी नसते. मग त्या कामावरचा आपलाच विश्वास डळमळू लागतो. १९२४ साली ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रपाठक असलेले तीस वर्षांचे सत्येंद्रनाथ बोस अशाच स्थितीत होते. विद्यापीठ १९२१ साली सुरू झालेले, बोस यांच्याजवळ डॉक्टरेट नाही, आणि एम.एस्सी.ला त्यांच्या खालोखाल आलेले मेघनाद साहा तोवर जगभर नावाजले गेलेले.

वर्गात प्लांकचा प्रारणाचा नियम शिकवताना बोस यांना त्याची प्रचलित सिद्धता खटकत असे. तिचा अर्धा भाग जुन्या विद्युतगतिकीवर आणि अर्धा नव्या पुंजकल्पनेवर उभा होता. बोस यांनी प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत असे धरून मोजणी केली. दोन कण दोन पेट्यांत ठेवायचे असतील तर नेहमीच्या हिशेबाने चार प्रकार होतात. या हिशेबाने तीनच. एवढ्या फरकातून प्लांकचा नियम सरळ निघाला. निबंध इंग्लंडच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे पाठवला, तिथे तो छापला गेला नाही.

४ जून १९२४ रोजी बोस यांनी तोच निबंध थेट आइन्स्टाइन यांना पाठवला. ही गोष्ट चमत्कारासारखी सांगण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते पत्र नीट पाहा. आपण पूर्णपणे अनोळखी आहोत हे बोस कबूल करतात. निबंधात नवे काय आहे ते मोजक्या शब्दांत सांगतात. मागणी एकच आणि नेमकी: निबंध योग्य वाटल्यास ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’मध्ये छापण्याची व्यवस्था करावी, कारण अनुवाद करण्याइतके जर्मन आपल्याला येत नाही. शिवाय एका जुन्या धाग्याची आठवणही ते करून देतात. सापेक्षतेवरील मूळ निबंध बोस आणि साहा यांनी इंग्रजीत आणले होते. १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने ते प्रसिद्ध केले. हे कष्टाचे काम करताना कोणी दखल घेईल असा हिशेब त्यांनी केला असेल, असे मला वाटत नाही. पण चार वर्षांनी तेच त्यांची ओळख म्हणून उपयोगी पडले.

आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन अनुवाद केला आणि ही महत्त्वाची प्रगती आहे, अशी टीप जोडली. चार पानांचा निबंध त्याच वर्षी छापून आला. आइन्स्टाइन यांच्या पोस्टकार्डामुळे बोस यांना दोन वर्षांची अभ्यासरजा मिळाली. कार्ड पाहून जर्मन वकिलातीने शुल्क न घेता व्हिसा दिला, असे बोस पुढे सांगत.

मात्र सगळे सुरळीत झाले नाही. बोस यांचा दुसरा निबंधही आइन्स्टाइन यांनी अनुवाद करून छापवला, पण त्याखाली आपली असहमती नोंदवून. आणि ढाक्यात प्राध्यापकपद रिकामे झाले तेव्हा, आइन्स्टाइन यांचे शिफारसपत्र असूनही, निवड समितीची पहिली पसंती देवेंद्रमोहन बोस यांना होती. त्यांनी नकार दिल्यावर ते पद सत्येंद्रनाथांना मिळाले.