देह राखणाऱ्यांचा प्रश्न

1998 च्या सुमारास भावाने अमेरिकेहून 'सायबरपंक 2020' चे पुस्तक आणले. पुण्यात आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो; सूत्रधार मी. आमचा 'नेटरनर', म्हणजे मेंदूला तार जोडून संगणकांच्या जाळ्यात शिरणारा चोर, एका कंपनीच्या माहितीत घुसला आणि पाऊण तास मी फक्त त्याच्याशीच बोलत होतो. उरलेल्या तिघांनी चहा केला, प्यायला, कपही विसळले.

चूक आमची वाटली होती. पुढे कळले की ही तक्रार साऱ्या जगात होती. तिकडे चहाऐवजी पिझ्झा, इतकाच फरक.

मूळ शोधायचे तर विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' (1984) या कादंबरीकडे जावे लागते. तिचा नायक केस जाळ्यात उतरतो तेव्हा त्याचा देह मागे निपचित पडतो. माइक पॉन्डस्मिथने 1988 मध्ये 'सायबरपंक' काढला, 1990 मध्ये त्याची 2020 ही आवृत्ती आली. 1989 मध्ये 'शॅडोरन' आला. दोन्हींनी आभासी जगाला वेगळा नकाशा आणि वेगळे नियम दिले. पण कादंबरीला वाचक एकच असतो, तो नायकामागे कुठेही जातो. टेबलावर चार जण आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले असतात. गंमत म्हणजे गिब्सनने यावर तोड काढलेली होती: केस एक कळ दाबून जाळ्यातून थेट मॉलीच्या संवेदनांत येतो, तिच्या डोळ्यांनी पाहतो. खेळांनी निपचित देह उचलला; ही कळ मागेच राहिली असे मला वाटते.

आपल्याकडे शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आहे. ते अमरू राजाच्या देहात गेले, तेव्हा शिष्य गुहेत त्यांचा देह राखत बसले. त्या शिष्यांना कंटाळा आला असेल का, हे कथा सांगत नाही. खेळाच्या नियमांना मात्र ते सांगावेच लागते.

'शॅडोरन'च्या चौथ्या आवृत्तीने (2005) जाळे बिनतारी केले. आता डोळ्यांसमोर तरंगणारी चित्रे पाहत चालता-पळता येई. आभासी कृती त्याच पाळीतून खर्ची पडे. अधिक वेग हवा तर देह सोडून पूर्ण आत शिरायचे. तिथे एका फेरीत दोन पाळ्या, आणि सुरक्षेची मर्यादा काढून टाकली तर तीन. पण मग जाळ्यातला घाव खऱ्या शरीरावर उमटे. वेग घ्यायचा की देह सांभाळायचा, हा निर्णय खेळाडूच्या हाती आला.

'सायबरपंक रेड'ने (2020) याहून सोपा उपाय केला. कथेत जुने जाळे रेश बार्टमॉसने उद्ध्वस्त केलेले आहे. म्हणून घरबसल्या चोरी बंद. नेटरनरला प्रवेशद्वारापासून 6 मीटरच्या आत यावे लागते. दर पाळीला त्याने चालावे, आणि मग एक शारीरिक कृती करावी किंवा कौशल्याप्रमाणे 2 ते 5 आभासी कृती. गोळी झाडली तर जाळ्यातली पाळी गेली.

या नियमांनी आम्ही पुन्हा बसलो, पाचातले चारच. नेटरनर कुलूप फोडत होता, दारात दोघे त्याला आडोसा देत होते, आणि दर पाळीला त्यांचा एकच प्रश्न होता: "अजून किती?" चहा त्या दिवशी गार झाला.