कावीळ, संधिवात आणि एक जुने कोडे

सांधे धरले की आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, कावीळ झाली की पोटाच्या. शरीरात मात्र अशी वेगवेगळी खाती नसतात. ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानात कशी आली, तो इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१९२९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांना एका रुग्णाने सांगितले, की कावीळ झाल्यापासून त्याचे सांधे दुखायचे थांबले आहेत. दुसऱ्या कोणी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. हेंच यांनी तसे केले नाही. शरीरातच संधिवातावरचा एखादा उतारा असला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी रुग्णांना पित्तक्षारही देऊन पाहिले, पण गुण आला नाही. अखेर सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे केलेले एक द्रव्य त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये एका तरुण स्त्रीला टोचले. संधिवाताने जखडलेली ती स्त्री काही दिवसांतच चालू लागली. हेच ते कॉर्टिझोन. १९५० मध्ये या दोघांना टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९४८ साली, त्याच संस्थेत माल्कम हारग्रेव्हज यांना ल्युपसच्या रुग्णांत एक चमत्कारिक पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रकच गिळले होते! ल्युपस हा सांधे, त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना ग्रासणारा संयोजी ऊतींचा रोग. पुढे मेलबर्नमध्ये इयान मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पेशी यकृताच्या जुनाट दाहाच्या रुग्णांत पाहिली आणि १९५६ मध्ये त्या आजाराला ‘ल्युपॉइड हिपॅटायटिस’, म्हणजे ल्युपससारखा यकृतदाह, असे नाव दिले. हे रुग्ण बहुधा स्त्रिया असत; अनेकींचे सांधेही दुखत. पुढे हा आजार ल्युपसहून वेगळा ठरला, मात्र मूळ तेच निघाले: राखणदारानेच घरच्या माणसांवर काठी उगारावी, तशी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. म्हणूनच काही जणांत दोन्ही आजार एकत्र नांदतात.

मग संधिवातावरचे औषध यकृताला चालेल का? लंडनमध्ये शीला शेरलॉक यांच्या पथकाने ते पडताळून पाहिले. कॉर्टिझोनच्याच कुळातले प्रेडनिसोलोन दिलेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले. ते न दिलेल्या २७ पैकी १५. हे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. काविळीने सुरू झालेला शोध असा पुन्हा यकृतापाशी येऊन पोहोचला.

आपल्याकडे ‘लिव्हर खराब’ म्हटले, की लोकांना आधी दारू आठवते. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या बाईला मग आजारासोबत संशयही सोसावा लागतो, आणि त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो. सर्वच काविळींना हे औषध चालत नाही; विषाणूंमुळे झालेल्या काविळीत ते घातकही ठरू शकते. म्हणून रक्ततपासणी, आणि गरज पडल्यास यकृताचा तुकडा तपासणे, अटळ असते. रुग्णाने एवढे मात्र जरूर करावे. काविळीसाठी गेलात तरी सांधेदुखी, कोरडे डोळे, अंगावरचे चट्टे, सारे डॉक्टरांच्या कानावर घालावे. हेंच यांच्या त्या रुग्णाने तेच तर केले होते.